तीन महिने नव्वद लाखांच्या घरात

दिवाळीला अण्णा गावाहून आले. अण्णा म्हणजे माझे सासरे. गेवराई तालुक्यात आमची पाच एकर कोरडवाहू आहे, ते अजून तिथंच राहतात. चहा झाला, नातवंडांना जवळ घेऊन झालं, आणि मग त्यांनी कापडी पिशवीतून युरियाच्या गोणीचा कापलेला तुकडा काढला. त्यात घडी घातलेला सातबारा होता. ओल लागू नये म्हणून तो कायम असाच गुंडाळलेला असतो. त्यांनी तो टेबलावर ठेवला, हातानं सरळ केला आणि मला म्हणाले, "दीड एकर काढून टाकू पोरी. रोडच्या कडंचं हाय, गिऱ्हाईक घरी येऊन बसायलंय. तू घर घे."

मी काहीच बोलले नाही. त्या दीड एकरातल्या कपाशीचं सप्टेंबरच्या पावसात काय झालं ते मी पाहून आले होते. बोंडं झाडावरच सडली होती, खालच्या अंगाची माती वाहून गेली होती. तरीही हा माणूस ती जमीन आमच्या फरशीसाठी द्यायला निघाला होता. त्या रात्री मी हिशोबाची वही पुन्हा पहिल्या पानापासून काढली. हे लिहायला बसलेय ते त्या वहीमुळेच.

आधी आमची परिस्थिती सांगते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, शाळा बिडकीनच्या पुढं. हे वाळूजला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला आहेत. माझे हातात ६६,००० येतात, यांचे ५२,०००. एकूण १,१८,०००. छत्रपती संभाजीनगरात गारखेड्याला दोन खोल्या-हॉलच्या फ्लॅटमध्ये राहतो, भाडं १४,०००. दोन मुलं. डोक्यावर कुठलंही कर्ज नाही, आणि यासाठी आम्ही दोघांनी बरंच काही टाळलेलं आहे.

गेल्या जानेवारीत बीड बायपासला एका प्रकल्पाचा सॅम्पल फ्लॅट पाहायला गेलो आणि डोक्यात घर शिरलं. तीन बेडरूम, पूर्वेची गॅलरी, मुलीला स्वतःची खोली. ती त्या खोलीत गेली, खिडकीच्या कट्ट्यावर बसून पाहिलं आणि काही न मागता बाहेर आली. किंमत ९० लाख. विक्रीवाल्या मुलानं मोबाइलवर हप्ता काढून दाखवला: कर्ज ७२ लाख, व्याज ८.५ टक्के, मुदत २० वर्षं, हप्ता साधारण ६२,५००. "दोघांच्या पगारात सहज बसतं मॅडम."

बँकेतही जवळजवळ तेच ऐकलं. पगाराच्या पावत्या, फॉर्म १६ (पगारावरच्या कराचा दाखला), सिबिल (आधीच्या कर्जफेडीची नोंद) बघून साहेबांनी दहा मिनिटांत सांगितलं की तुम्हाला ६८ लाखांपर्यंत मिळेल. त्यांचा हिशोब सरळ आहे. हातात येणाऱ्या पगाराचा निम्मा भाग, म्हणजे ५९,०००, हप्त्याला जाऊ शकतो असं ते धरतात. ८.५ टक्क्यांनी २० वर्षांसाठी लाखाला ८६८ रुपये हप्ता बसतो. भागाकार केला की ६८ लाख. हा ८६८ चा आकडा मी वहीच्या कव्हरवर लिहून ठेवलाय. व्याज ८ टक्के असेल तर ८३६, ९ असेल तर ९००. एवढे तीन आकडे पाठ असले की समोरचा मोबाइल काढायच्या आत आपलं उत्तर तयार असतं.

पण त्या उत्तरात घरात कोण आजारी आहे, कुणाचं लग्न आहे, गावाकडं किती पाठवावे लागतात, यातलं काहीच नाही. बँकेनं ते विचारलं नाही आणि विचारणं तिचं कामही नाही. ते आपण विचारायचं.

म्हणून आम्ही ठरवलं, घर घ्यायच्या आधी त्या घराच्या हप्त्यात राहून बघू. भाड्याच्याच घरात राहायचं, पण पैसे असे बाजूला काढायचे जणू हप्ता सुरू झालाय. ६२,५०० हप्ता आणि सोसायटीचा मेंटेनन्स-पाणी मिळून ३,५००, असे ६६,०००. त्यातून भाड्याचे १४,००० वजा. राहिले ५२,०००. दर महिन्याच्या पाच तारखेला ५२,००० वेगळ्या खात्यात टाकायचे आणि त्या खात्याचं कार्ड कपाटात कुलूपबंद. एरवी आम्ही ३०,००० बाजूला टाकतो. म्हणजे घरखर्चातून महिन्याला २२,००० कमी करायचे होते.

मार्च निभावला. कसा, ते सांगते. यांनी रविवारचा ओव्हरटाइम घेतला. मी तूरडाळ दोन किलोऐवजी एकच आणली. मुलाच्या सायकलचा टायर पुढच्या महिन्यावर ढकलला, तो शाळेत चालत जायला लागला. महिन्याच्या तीस तारखेला पर्समध्ये ३१० रुपये होते आणि मला जिंकल्यासारखं वाटलं होतं.

एप्रिलात अण्णांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. भिंगासह २८,००० झाले. माझ्याकडं सोन्याचा एक तुकडा होता, तो मोडावा का असा विचार मी दवाखान्याच्या जिन्यात उभी राहून करत होते, आणि त्याच वेळी कपाटातल्या कुलूपबंद खात्यात लाखभर रुपये पडलेले होते. खरा हप्ता असता तर ते पैसे बँकेत गेलेले असते, परत आले नसते. त्या जिन्यात मला ६२,५०० हा आकडा पहिल्यांदा कळला. मोबाइलवर नव्हता कळला. शेवटी ऑपरेशनचे पैसे बचतीतून भरले, पण वहीत लाल पेनानं लिहिलं: हप्ता तुटला.

मे महिन्यात माहेरी भाचीचं लग्न. आमच्याकडं आहेर, मानपान, गाडीभाडं याला नाही म्हणता येत नाही, आणि खरं सांगायचं तर मला म्हणायचंही नव्हतं. तिला मी अंगाखांद्यावर खेळवलंय. २१ मेला आम्ही कपाट उघडलं. जूनच्या वह्या-पुस्तकांची, फीची तारीख तोंडावर होती. हे म्हणाले, "अगं, आपण तीन महिन्यांत एवढे थकलो. वीस वर्षं कशी काढायची?" त्या दिवशी ओव्हरटाइमहून आले होते, जेवताना डोळे मिटत होते.

याच तीन महिन्यांनी मला नवा हिशोब शिकवला. पगारापासून सुरुवात करायचीच नाही. आपल्या वहीतले दोनच रकाने बघायचे: आज भाडं किती जातं आणि सगळं भागून, लग्नकार्य, दवाखाना, गाव धरून, वर्षाच्या सरासरीनं महिन्याला खरोखर किती उरतं. आमचे १४,००० आणि ३०,०००, बेरीज ४४,०००. त्यातून मेंटेनन्स आणि पाणी काढलं की राहतात ४०,००० च्या आसपास. म्हणजे आमचा हप्ता ३९,०००. आता भागा ८६८ नं. ४५ लाख. बँकेचे ६८ आणि माझ्या वहीचे ४५ यात २३ लाखांचा फरक आहे.

गंमत म्हणजे ३९,००० हा आमच्या उत्पन्नाचा जवळजवळ तिसरा हिस्सा येतो. त्यामुळं ज्यांच्याकडं अशी वही नाही त्यांना मी सांगते की हप्ता हातात येणाऱ्या पगाराच्या तिसऱ्या हिश्श्यात बसवा. त्या मापानं ९० लाखांच्या त्या फ्लॅटसाठी दोघांचे मिळून महिन्याला १ लाख ८७ हजार हातात यायला हवेत. ते आमचे नाहीत. असतील त्यांनी जरूर घ्यावा, घर सुंदर आहे.

हे झालं उत्पन्नाचं. बचतीची बाजू तर मला अजून महत्त्वाची वाटते, कारण तिथं लोक सगळ्यात जास्त फसतात. "बँक ८० टक्के देते, २० टक्के आपले" हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं. रिझर्व्ह बँकेचा नियम असा आहे की ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला ८० टक्क्यांपर्यंत आणि ७५ लाखांच्या वरच्या कर्जाला ७५ टक्क्यांपर्यंतच बँक जाऊ शकते. आणि या किमतीत स्टँप ड्यूटी, नोंदणी धरत नाहीत. ते सगळं आपल्या खिशातून.

त्या ९० लाखांचं मी मांडलं ते असं. बँकेनं पूर्ण ८० टक्के दिले असं धरून आपला वाटा १८ लाख. बांधकाम चालू असलेला फ्लॅट, म्हणून ५ टक्के जीएसटी, साडेचार लाख. स्टँप ड्यूटी आमच्या शहरात सगळं धरून साधारण ६ टक्के, पण घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर एक टक्का सवलत आहे, म्हणजे माझ्या एकटीच्या नावावर साडेचार लाख. नोंदणी शुल्क ३०,०००. बँकेची फी, गहाणाची नोंद, वकील मिळून पाऊण लाख. मीटर, पार्किंग, सोसायटीची आगाऊ रक्कम असे ३ लाख. जाळ्या, ओट्याखालची कपाटं, पंखे, पडदे काटकसरीनं ५ लाख. बेरीज ३६ लाख. म्हणजे किमतीच्या ४० टक्के! वीस टक्क्यांच्या तयारीनं गेलेला माणूस इथंच सोनं मोडतो नाहीतर पर्सनल लोन काढतो.

त्या एका टक्क्याबद्दल थोडं सांगते, कारण माझ्या शाळेतल्या तिघींना ते माहीत नव्हतं. नवरा-बायको दोघांच्या नावावर घर असेल तर ही सवलत मिळत नाही, खरेदीदार फक्त महिला हव्यात. नवरा कर्जात सहअर्जदार राहू शकतो, त्याचा पगार धरला जातो, पण मालक नसल्यामुळं त्याला व्याजाची करसवलत घेता येत नाही. नव्या कररचनेत स्वतः राहायच्या घराच्या व्याजाची वजावट तशीही नाही, आणि आम्ही दोघं नव्यात आहोत, म्हणून आम्हाला ते सोपं गेलं. मी यांना विचारलं, घर माझ्या एकटीच्या नावावर चालेल का? म्हणाले, "वही तुझी, घर तुझं."

याशिवाय सहा महिन्यांचा हप्ता आणि घरखर्च वेगळा ठेवायचा. ९० लाखांच्या घराला त्याचे ८ लाख. असे एकूण ४४. आमच्याकडं आज आहेत १७.

ते १७ खरं तर साडेएकोणीस असायचे. माझे २ लाख ४० हजार एका पतसंस्थेत अडकलेत. बारा टक्के व्याज मिळतं म्हणून ठेवले होते, गल्लीतल्या सगळ्यांनीच ठेवले होते. एक दिवस शटर खाली आलं. बँकेतल्या ठेवीला एका ठेवीदाराला एका बँकेत ५ लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो. हे मला त्या शटरसमोर उभ्या असलेल्या रांगेत कळलं. माझ्या पुढं एक आजी होत्या, त्यांच्या हातात पासबुक होतं आणि त्या दर दोन मिनिटांनी ते उघडून रक्कम वाचत होत्या. त्यानंतर घराचा एकही रुपया मी पोस्ट आणि बँक सोडून कुठं ठेवत नाही. पोस्टाची पाच वर्षांची आरडी ६.७ टक्क्यांची आहे. महिन्याला ३०,००० टाकले तर पाच वर्षांत सव्वाएकवीस लाखांच्या वर जातात.

मग पाच वर्षं थांबून तोच फ्लॅट घेऊ, असंही मनात आलं होतं. तेही मांडून पाहिलं. पाच वर्षांत आमचे १७ आणि नवे मिळून ४५ लाख होतील. पण किंमत वर्षाला ५ टक्क्यांनी जरी चढली तरी घर १ कोटी १५ लाखांचं झालेलं असेल. कर्ज ७५ लाखांच्या वर गेलं की बँक ७५ टक्केच देणार, म्हणजे आपला वाटा तिथंच २९ लाखांच्या घरात. वरचे खर्च धरून ५० लाखांच्या पुढं. घर पुढं पळतंय आणि आम्ही मागं. आमच्या भागात औरिक या नव्या औद्योगिक शहरामुळं, बिडकीनला येणाऱ्या कारखान्यांमुळं, समृद्धी महामार्गामुळं भाव खाली येतील असं मला वाटत नाही. माझ्या शाळेच्या रस्त्यावर दर पावसाळ्यात प्लॉटिंगचा एक नवा फलक उभा राहतो.

व्याजाचाही एक विचार. २०२५ मध्ये रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बाकीच्या बँकांना ज्या व्याजानं पैसे देते तो दर, उतरला, हप्ते थोडे हलके झाले. मी तरी वहीत ८.५ च धरते. २०२२ च्या मे महिन्याआधी रेपो ४ टक्के होता, २०२३ च्या फेब्रुवारीत ६.५ झाला. माझ्या एका सहकारी बाईंचा हप्ता तेवढाच राहिला, पण मुदत निवृत्तीच्या पलीकडं गेली. २००५ च्या नोव्हेंबरनंतर नोकरीत आल्यामुळं आमच्या पेन्शनचा भरवसा आधीच्या लोकांसारखा नाही. मी ३८ वर्षांची, हे ४३. मी ५८ ला निवृत्त होणार, हे माझ्या पाच वर्षं आधी. वीस वर्षांच्या कर्जाची शेवटची पाच वर्षं माझ्या एकटीच्या पगारावर आहेत. बँकेच्या कागदावर ही गोष्ट कुठंच दिसत नाही.

आता दीड एकराकडं येते. गिऱ्हाईक एकराला २० लाख देत होतं. म्हणजे ३० लाख, आमची अडचण बरोब्बर मिटवणारे. पण जमीन वडिलोपार्जित आहे आणि मला एक नणंद आहे, अंबडला दिलेली. २००५ पासून कायद्यानं मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. आमच्याकडं रीत अशी, की भाऊ साडी-चोळी करतो आणि बहीण हक्कसोडपत्रावर सही करते. ताई सही करतील, मला खात्री आहे, हसत करतील. यंदा त्यांचंही सोयाबीन पाण्यात गेलंय, हे मला माहीत आहे. त्यांच्या वाट्याच्या मातीवर माझ्या गॅलरीची फरशी बसवायची माझी तयारी नाही. अण्णांना मी एवढंच म्हणाले, "अण्णा, ताईंचा वाटा त्यांना विचारल्याशिवाय आपण धरायचा नाही. आणि तुमच्या वाट्याची जमीन तुमच्या दवाखान्याला लागेल." ते बराच वेळ सातबाऱ्याच्या घडीवरून बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "मग तुला कितीचं घर झेपतंय ते सांग."

तर झेपणारं घर ५६ लाखांचं आहे. पावणेपंचेचाळीस लाख कर्ज, सव्वाअकरा लाख आपले. बारा वर्षं जुना, दोन बेडरूमचा फ्लॅट, शिवाजीनगर भागात, मुलांच्या शाळेपासून चालत दहा मिनिटं. पूर्ण झालेली इमारत, भोगवटा प्रमाणपत्र (राहायला परवानगीचा दाखला) आहे, म्हणून जीएसटी नाही. स्टँप, नोंदणी, बँक, वकिलानं तीस वर्षांच्या मालकीच्या नोंदी तपासायचा सर्च, डागडुजी धरून वरचे साडेआठ लाख. सहा महिन्यांची सोय साडेसहा लाख. सगळे मिळून साधारण २६ लाख. आमच्याकडं १७ आहेत, म्हणजे ९ लाख कमी, अजून अडीच वर्षं. किंमत ५० लाखांच्या वर असली की विकणाऱ्याला द्यायच्या रकमेतून १ टक्का टीडीएस, म्हणजे त्याच्या नावचा आयकर, कापून आपणच भरायचा असतो, तेही वहीत लिहून ठेवलंय.

हाच फ्लॅट तोवर थांबणार नाही, हे मला कळतं. पण असाच एखादा मिळेल, आणि काय काय विचारायचं ते तरी आता माहीत झालंय. मी हे सांगितल्यावर अण्णांनी एकच विचारलं, "तिथं पाणी कुठून येतं?" जानेवारीपासून हिशोब करणाऱ्या मला हे विचारायचं सुचलं नव्हतं, आणि आमच्या घरी नळाला रोज पाणी येत नाही!

पुढच्या रविवारी सकाळी साडेसहाला त्या सोसायटीत गेले. टँकर आत लागत होता. वॉचमन काकांनी टँकरची नोंदवही दाखवली. लांबट वही, निळी रेघ, प्रत्येक ओळीत तारीख, वेळ, ड्रायव्हरची सही. मार्चमध्ये १९ टँकर, एप्रिलमध्ये ३१, मेमध्ये ४४. मधल्या काही ओळींवर पाण्याचे थेंब पडून शाई पसरलेली. २४ फ्लॅट. बोअर एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आटतं, म्हणाले. मी तिथंच पायरीवर बसून भागाकार केला. उन्हाळ्याचे तीन महिने घरटी महिन्याला दीड हजाराच्या आसपास जास्तीचे पडतात.

तेवढा रकाना वहीत नवा आखला. या महिन्याचे ३०,००० पाच तारखेला गेले आहेत. अण्णा पौषात परत येणार आहेत, तेव्हा त्यांना त्या सोसायटीच्या गच्चीवर नेऊन टाक्या दाखवायच्या आहेत.